आवाज एक, डबे अनेक

वाचकहो, गेल्या पाडव्याला मंडळाने आवाहन केलं की घरात पडून असलेले जुने आवाज आम्हाला पाठवा, आपण ते एका सर्व्हरवर ठेवू आणि रविवारी संध्याकाळी आपल्या इंटरनेट रेडिओवर ऐकवू. तुम्ही भरभरून पाठवलंत. कुणाच्या आईने १९८० च्या सुमारास पत्राऐवजी पोस्टाने पाठवलेली कॅसेट, कुणाच्या आजोबांनी फोनवर म्हटलेली भीमरूपी, नातवाच्या बारशाला पणजीने म्हटलेला पाळणा, मंडळाच्या सुरुवातीच्या एका गणेशोत्सवातली आरती (तिच्यात झांजा जास्त आणि आरती कमी ऐकू येते), आणि एका काकूंचा पुरणपोळीच्या कृतीचा सतरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज. त्यातल्या काही आवाजांचे धनी आता आपल्यात नाहीत. त्या फाईलची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

समितीच्या प्रत्येक बैठकीत मला एकच प्रश्न विचारला जातो: "सर, सगळं एमपीथ्री करून टाकलं की झालं ना?" नाही, झालं नाही. का नाही, ते सांगायला हा लेख. मी जवळजवळ सगळी नोकरी सिग्नल प्रोसेसिंग शिकवण्यात घालवली, तेव्हा मला थोडक्यात उत्तर देता येत नाही हे घरचे आनंदाने सांगतील. गणित मात्र बेरीज-गुणाकाराच्या पुढे जाणार नाही.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. संगणक तो चढउतार ठरावीक अंतराने मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा, डाव्या आणि उजव्या बाजूचं वेगवेगळं मोजमाप असतं आणि प्रत्येक आकड्याला १६ बिट. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट, तासाला ६३५ मेगाबाईट. या न आवळलेल्या आकड्यांची फाईल बहुधा वेव्ह नावाच्या डब्यात असते. ४४,१०० हाच आकडा का? कारण जितक्या वेगाने मोजाल त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज पुन्हा उभा करता येतो, आणि तरुण निरोगी माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. आपल्यापैकी सत्तरी ओलांडलेल्यांनी त्या वरच्या हजारोंचा नाद केव्हाच सोडलेला आहे.

तासाला ६३५ मेगाबाईट हा आकडा १९९० च्या सुमारास परवडणारा नव्हता. म्हणून आवाज आवळण्याच्या दोन तऱ्हा निघाल्या. पहिली तऱ्हा कपड्यांची घडी घालण्यासारखी: जागा कमी लागते, उलगडलं की कपडा जसाच्या तसा. फ्लॅक हा प्रकार असा आहे, २००१ सालचा आणि सर्वांना खुला. त्याने फाईल साधारण निम्मी होते आणि एक बिटही हरवत नाही. दुसरी तऱ्हा मात्र आवाजातला काही भाग टाकूनच देते. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांचा ज्यात मोठा वाटा आहे ते एमपीथ्री याच जातीचं. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज आपल्या मेंदूपर्यंत पोचत नाही, ढोल वाजत असताना शेजाऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही तसं. मग ती कुजबुज साठवायची कशाला? या एका विचारावर फाईल दहा-अकरा पट लहान होते.

या संशोधकांपैकी कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी जी गाणी वापरली त्यांत सुझान व्हेगा यांचं 'टॉम्स डायनर' होतं. त्यात वाद्यं नाहीत, नुसता एका बाईचा गळा. ऑर्केस्ट्रा सहज आवळला जातो, पण एकट्या माणसाच्या आवाजाला लपायला काही नसतं, चूक लगेच कानाला खटकते. आपल्या संग्रहात काय आहे? बहुतेक एकेका माणसाचा एकटा आवाज. म्हणून "आपल्याला काय, साधं बोलणंच तर आहे" हे म्हणणं मला पटत नाही.

टाकून दिलेला भाग परत येत नाही, आणि पुन्हा आवळलं की पुन्हा काहीतरी टाकलं जातं. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यावर अक्षरं कशी फुगतात ते तुम्ही पाहिलं आहे. एका फोनमधला एएसी एमपीथ्रीत बदलला, तो कुणी व्हिडिओला चिकटवला, त्यातून पुन्हा कुणी आवाज काढला, की तबल्याचा ठोका पडण्याआधीच त्याची धूसर सावली ऐकू येऊ लागते. ज्यांचा कान तयार आहे त्यांना ती दाताखाली खडा आल्यासारखी जाणवते.

आता डब्यांकडे येतो, कारण सगळा गोंधळ तिथे आहे.

आपल्या पॉटलकला कुणी श्रीखंडाचा डबा आणला तर अनुभवी माणूस झाकण उघडल्याशिवाय वाटी पुढे करत नाही. आत मेतकूट असू शकतं. ध्वनीच्या फाईलीचंही तसंच: डबा वेगळा, आतला पदार्थ वेगळा आणि डब्यावरची चिठ्ठी तिसरीच. डॉट एमफोरए या नावाच्या डब्यात बहुधा एएसी असतो, पण ॲपलचा एकही बिट न गमावणारा ॲलॅक हा प्रकारही त्याच डब्यात येतो. ऑग नावाच्या डब्यात व्हॉर्बिस असेल, ओपस असेल, क्वचित फ्लॅकही असेल. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज म्हणजे ऑगच्या डब्यातला ओपस. आणि फाईलच्या नावाचं शेपूट, म्हणजे ते डॉट एमपीथ्री वगैरे, ही नुसती वरची चिठ्ठी. कुणीही ती बदलू शकतं आणि अनेकांनी बदललेली आहे, कारण कुठल्याशा पुतण्याने सांगितलं की नाव बदललं की वाजेल.

म्हणून आपला सर्व्हर चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाही. तो झाकण उघडून पहिले काही बाईट वाचतो. वेव्ह फाईलीची सुरुवात 'आर-आय-एफ-एफ' या चार रोमन अक्षरांनी होते. ऑगची 'ओ-जी-जी-एस' अशी. फ्लॅक स्वतःचंच नाव सांगतो. जुन्या फोनांच्या एएमआर फाईली खुणेचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि नाव अशा सुरू होतात. एमपीथ्रीला मात्र असं ठरलेलं कपाळ नाही. पुढे बहुधा नावगावाची पट्टी असते, नाहीतर ओळीने अकरा बिट एक-एक-एक असे शोधावे लागतात. हे ओळखण्याचं काम एफएफएमपेग नावाचा खुला प्रोग्राम करतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली तो सुरू केला. आज आवाज किंवा चित्र हाताळणाऱ्या असंख्य सेवांच्या पोटात तोच आहे. डबा बदलणं आणि पदार्थ पुन्हा शिजवणं ही दोन वेगळी कामं आहेत हेही त्याला कळतं. एका डब्यातला एएसी दुसऱ्या डब्यात ओतताना आवाजाला धक्का लागत नाही. शक्य तिथे आपण नुसता डबा बदलतो.

एक साधं उदाहरण देतो. आयफोनच्या व्हॉइस मेमोची फाईल तुम्ही पाठवता आणि ऐकणारा म्हणतो, "बराच वेळ नुसतं चाक फिरतंय." एमफोरए फाईलीला अनुक्रमणिका असते, कुठला तुकडा कुठे आहे ते सांगणारी. ध्वनिमुद्रण संपेपर्यंत ते किती लांब होणार हे यंत्राला ठाऊक नसतं, त्यामुळे ही अनुक्रमणिका पुष्कळदा शेवटी लिहिली जाते. ऐकणाऱ्याच्या ब्राउझरला ती आधी हवी असते. शेवटचं पान आधी मागायची सोय नसली तर तो सगळी फाईल उतरेपर्यंत गप्प बसतो. उपाय सोपा आहे: अनुक्रमणिका उचलून पुढे आणायची. आवाजाला हातही लावावा लागत नाही.

सर्व्हर आवाज दोन प्रकारे देऊ शकतो, आणि आपण दोन्ही वापरतो. पहिला प्रकार ग्रंथालयासारखा. तुम्ही यादीतून एक ध्वनिमुद्रण निवडता, तुमचा फोन सांगतो मला काय काय वाजवता येतं, सर्व्हर जमलं तर मूळ फाईल देतो, नाही जमलं तर त्याच क्षणी रूपांतर करून देतो. ही वाटाघाट आवश्यक आहे, कारण ॲपलचा सफारी ब्राउझर बरीच वर्षं ऑगचा डबा उघडायलाच तयार नव्हता. बोलण्यासाठी मला ओपस सर्वांत आवडतो. २०१२ साली तो इंटरनेटचं अधिकृत मानक झाला. सेकंदाला ३२ हजार बिटांतही तो बोलणं स्वच्छ ठेवतो, म्हणजे तासाला पंधरा मेगाबाईटसुद्धा नाही. आणि ज्याला काहीच चालत नाही अशा जुन्या रेडिओसाठी, गाडीसाठी, अमक्या मामांच्या टॅब्लेटसाठी एमपीथ्री आहेच. २०१७ सालच्या एप्रिलमध्ये त्याचा परवान्याचा कार्यक्रमही बंद झाला, तेव्हा तोही प्रश्न उरला नाही.

दुसरा प्रकार म्हणजे रविवारचा रेडिओ. तिथे एकच प्रवाह असतो आणि सगळे तोच ऐकतात. त्यासाठी आपण आइसकास्ट वापरतो. तो पोस्टमनसारखा आहे: आलेलं पाकीट जसंच्या तसं प्रत्येक दारी टाकतो, फोडून बघत नाही, भाषांतर करत नाही. प्रवाह एमपीथ्रीने सुरू झाला आणि मध्येच ओपस आला तर ऐकणाऱ्यांचे प्लेअर कोलमडतात. म्हणून त्याच्या मागे आणखी एक कामगार लागतो. आपल्याकडे तो लिक्विडसोप आहे, फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. येणारी प्रत्येक फाईल, मग ती कशातही असो, तो आधी पूर्ण उलगडून साध्या आकड्यांत आणतो, सगळ्यांचं माप एक करतो, एकापुढे एक जोडतो आणि त्या अखंड धारेला एकदाच, एकाच पद्धतीने आवळून आइसकास्टकडे देतो. पन्नास जण ऐकत असले आणि प्रत्येकाला सेकंदाला १२८ हजार बिट जात असले तर सर्व्हरला सेकंदाला ६४ लाख बिट बाहेर सोडावे लागतात. ते जड नाही. कामाचं वजन सगळं 'माप एक करण्यात' आहे.

माप चुकलं तर काय होतं? समजा सेकंदाला ४४,१०० मोजमापांनी घेतलेलं भजन कुणीतरी ४८,००० चं समजून वाजवलं. ते जवळजवळ नऊ टक्के भरभर चालेल आणि पट्टीही चढेल. पांढरी एकमध्ये गाणारे बुवा काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध कुठेतरी पोचतील, जिथे पेटीला पट्टीच नाही. बोलण्यात हे पटकन कळत नाही. वडील जरा घाईत होते असं वाटतं, आवाज किंचित तरुण वाटतो. माझ्या दृष्टीने हीच मोठी अडचण आहे, कारण ज्याने तो आवाज प्रत्यक्ष ऐकला आहे त्यालाच चूक ओळखता येते, आणि अशी माणसं कमी होत चालली आहेत.

काही गोष्टी मात्र माप एक करूनही दुरुस्त होत नाहीत. २००० नंतरच्या दशकात अनेकांनी साध्या फोनवर आवाज टिपले. त्यातला एएमआर हा प्रकार सेकंदाला फक्त ८,००० मोजमापं घेतो आणि वरचं सगळं कापतो. टेलिफोनचा आवाज साधारण ३,४०० कंपनांशी संपतो. मराठीतल्या 'स'चा जीव मात्र त्याच्या पुष्कळ वर असतो. म्हणून फोनवर 'स' आणि 'फ' एकमेकांत मिसळतात आणि आपण वाक्याच्या ओघावरून अर्थ लावून घेतो. सरस्वतीबाईंच्या नावातले 'स' त्या फाईलमध्ये नाहीतच, ते आपला मेंदू पुरवतो. अशी फाईल फ्लॅकमध्ये बदलली तर फक्त आकाराने फुगते. ताकाचं पुन्हा दूध होत नाही.

आता 'स्वच्छ' करण्याबद्दल, कारण यावर समितीत माझा एका तरुण सभासदाशी प्रेमाचा वाद चालू आहे. खरखर काढणारे प्रोग्राम एक साधी युक्ती वापरतात: जो आवाज सतत, न बदलता चालू आहे तो पंख्याचा किंवा टेपचा समजायचा आणि वजा करायचा. आपल्या संगीतात सतत, न बदलता चालू असलेलं काय असतं? तानपुरा! प्रोग्राम त्याला पंखा समजून पुसून टाकतो आणि गायक हवेत लटकल्यासारखे वाटतात. तसंच लांब शांतता आपोआप कापणारी सोय. रेडिओवर पाच सेकंद काही वाजलं नाही की यंत्र पुढच्या फाईलवर उडी मारतं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं सर्व्हर बंद पडला. पण ऐंशी वर्षांच्या आजी फाळणीच्या वेळची किंवा पानशेतच्या पुराची गोष्ट सांगताना पाच-सहा सेकंद थांबतात. ते थांबणं बोलण्याचाच भाग आहे. मी ती मर्यादा वीस सेकंदांवर नेली आहे आणि रेडिओ बंद पडल्याच्या तक्रारी सहन करतो.

आवाजाच्या पातळीचा प्रश्न वेगळा. आरती कान फोडते आणि पुढचा पाळणा ऐकूच येत नाही, हे नको. युरोपच्या प्रसारण संघटनेने २०१० साली कानाला जाणवणारी पातळी मोजण्याची रीत घालून दिली. आपण प्रत्येक फाईल तशी एकदा मोजतो आणि आकडा फाईलीबरोबर ठेवतो. वाजवताना तेवढा चढउतार करायचा, सगळ्या फाईलीला सारखा. फाईलीच्या आतला चढउतार दाबून सपाट करायचा नाही. नाहीतर कीर्तनकारबुवांची कुजबुज आणि गर्जना एकाच उंचीवर येतात.

एक विचित्र प्रकार सांगतो. कॅसेट संगणकावर घेताना तारा उलट जोडल्या गेल्या तर डावी आणि उजवी बाजू एकमेकींच्या नेमक्या उलट होतात. हेडफोनवर ऐकू येतं, पण दोन्ही बाजू मिसळणाऱ्या एकाच स्पीकरच्या फोनवर बेरीज शून्य होते आणि माणूस गायब! पार्श्वभूमीतला थोडा गोंगाट तेवढा उरतो. एका बाजूचं चिन्ह उलटं केलं की माणूस परत येतो. हा सगळ्यात समाधान देणारा उपाय आहे, आणि त्याला एक ओळ पुरते.

आता नावांकडे वळू, कारण नाव सापडलं नाही तर आवाज असून नसल्यासारखा. एमपीथ्रीतल्या जुन्या पट्टीत नावाला फक्त तीस बाईट. युनिकोडच्या नेहमीच्या लिखाणात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाईट घेतं, काना-मात्रा धरून, म्हणजे जेमतेम दहा चिन्हं मावतात. 'ज्ञानेश्वर माउली' अर्ध्यावरच तुटतं. शिवाय ती पट्टी रोमन लिपीसाठीच केलेली. काहींनी जुन्या काळच्या मराठी फॉन्टांत नावं लिहिली, ती आज रोमन अक्षरांच्या भेळेसारखी दिसतात. फ्लॅक आणि ओपसमध्ये पहिल्यापासून युनिकोड आहे, तिथे हा त्रास नाही. पण खास आपला असा एक त्रास सगळीकडे आहे: 'वारकऱ्यांचे' मधला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकच चिन्ह म्हणून किंवा साधा 'र' आणि खाली नुक्ता म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ॲपलच्या जुन्या संगणकांवर फाईलींची नावं दुसऱ्या प्रकारे साठवली जात. तुम्ही 'वारकऱ्यांचे अभंग' शोधता आणि सर्व्हर म्हणतो, असं काही नाही. सगळी नावं आत घेतानाच एका रूपात आणणं एवढाच त्यावर उपाय, आणि तो केला आहे.

आणि आता समितीच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही पाठवलेली मूळ फाईल, कितीही जुनाट असो, आपण जशी आली तशी ठेवतो, तिला हात लावत नाही. तिच्या प्रती काढतो: एक ओपस, एक एमपीथ्री. उद्या याहून चांगलं काही निघालं तर प्रती फेकून मूळ फाईलीपासून नव्या काढता येतील. सगळं एमपीथ्री करून मूळ पुसलं असतं तर ती वाट बंद झाली असती. १९९५ साली रिअलऑडिओ आला तेव्हा इंटरनेटवरचा आवाज म्हणजे तोच असं वाटत होतं. आज त्याची फाईल फोनवर उघडून दाखवा! एफएफएमपेगला त्यातल्या बऱ्याच फाईली अजून उलगडता येतात, म्हणून आपल्याकडे आलेल्या तशा फाईलीही वाचल्या.

तर या वर्षी पाठवताना एवढं करा. फोनवरची फाईल स्पीकरवर लावून दुसऱ्या फोनने टिपू नका, मूळ फाईलच पाठवा. व्हॉट्सॲपने पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून. नाव बदलू नका, शेपूट तर नाहीच. बरोबर चार ओळी लिहा: कोण बोलतंय, कुठे, साधारण कोणत्या वर्षी आणि मागे कोणाचा आवाज आहे. ज्यांचा आवाज आहे ते हयात असतील तर त्यांना विचारून पाठवा. सिनेमातली गाणी आणि विकत घेतलेल्या सीडी नकोत, त्या आपल्याला प्रसारित करता येत नाहीत. कॅसेट असेल तर घरच्या जुन्या टेपवर "चालते का बघू" म्हणून लावू नका, फीत गुंतली तर संपलं. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे दात असतात, ते आधी मोडून टाका म्हणजे चुकून कुणी तिच्यावर दुसरं काही मुद्रित करणार नाही. आणि ती पाकिटात घालून दिवाळीच्या कार्यक्रमात नोंदणीच्या टेबलावर द्या. टेपरेकॉर्डरची चाकं आणि हेड साफ करून मी तयार आहे.